घरीं जोडलेला संगणक बंद कां पडतो?

तयार यंत्र बिघडलें म्हणजे तें दुकानांत नेऊन द्यावें, कीं आपलें काम संपलें. परंतु घरीं भाग आणून जोडलेल्या यंत्राचें तसें नाहीं. मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, रॅम तिसरीची, आणि जोडणारे हात आपले. अशा स्थितींत बिघाड झाला तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि खरा दोष शोधण्याचें काम शेवटीं आपल्याच गळ्यांत पडतें. आमच्या घरीं हा प्रसंग आला होता. त्यांतून जें शिकावयास मिळालें तें इतर विद्यार्थिबंधुभगिनींच्या उपयोगीं पडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वार्षिक परीक्षा संपल्यावर माझ्या आतेभावानें व मीं मिळून एक गेमिंग संगणक जोडला. आतेभावास आम्ही सर्व दादा म्हणतों. बाबांना भिशी लागली होती, तींतून त्यांनीं पैसे दिले. बहुतेक भाग दादानें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणिले; ग्राफिक्स कार्ड मात्र नवें परवडेना, म्हणून त्यानें आपल्या एका मित्राकडून वापरलेलें घेतलें. पहिले आठ दिवस आनंदांत गेले. नवव्या दिवशीं खेळ ऐन रंगांत आला असतांना पडदा काळा झाला आणि संगणक आपोआप पुन्हां सुरू झाला. पुढें हा नित्याचाच क्रम झाला. निबंध लिहावयास बसावें तर दिवसभर कांहीं होत नसे. खेळावयास बसावें, कीं दहा-पंधरा मिनिटांत अंधार! शिवाय आठवड्यांतून एखादे वेळीं निळा पडदा येऊन यंत्र थांबे, तें निराळेंच. या यंत्रास तुझ्यापेक्षां अभ्यासाची गोडी अधिक आहे, असें आई म्हणूं लागली.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ‘संगणक बंद पडला’ या एका वाक्यांत निदान तीन निरनिराळे प्रकार दडलेले असतात. पहिल्या प्रकारांत केवळ खेळ बंद पडतो व बाकीचा संगणक चालूच राहतो. येथें दोष बहुधा त्या खेळाच्या फायलींत किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्यें असतो. दुसरा प्रकार निळ्या पडद्याचा. विंडोज या प्रणालीस आपल्या अंतर्भागांत अशी चूक आढळते कीं, तसेंच पुढें चालणें धोक्याचें असतें. म्हणून ती हेतुपुरस्सर थांबते व थांबतांना एक संकेतशब्द दाखविते. तिसरा प्रकार म्हणजे कोणीं वीज तोडावी त्याप्रमाणें एकाएकीं बंद पडणें. यांत संगणकास चिठ्ठी लिहून ठेवण्यासही अवसर मिळत नाहीं, म्हणून संशय प्रथम वीज व उष्णता यांवर जातो. यानंतर इव्हेंट व्ह्यूअर नांवाच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी ओळ सांपडते, आणि ती वाचून पुष्कळ लोक घाईनें पॉवर सप्लाय बदलतात. वास्तविक त्या ओळीचा अर्थ एवढाच कीं, मागील खेपेस यंत्र रीतसर बंद झालें नव्हतें. तें कां झालें नाहीं, हें ती ओळ सांगत नाहीं.

दुसरें साधन वहीचें. ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांत ‘मार्क २’ या गणनयंत्राच्या एका रिलेमध्यें एक पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो काढून नोंदवहींत चिकटविला व त्याची वेळ लिहून ठेविली. ती वही अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जपून ठेविली आहे. ही गोष्ट सांगतांना लोक पतंगाचें कौतुक करितात. मला त्या वहीचें कौतुक अधिक वाटतें. आम्हींही एक वही केली. तारीख, वेळ, यंत्रावर काय चाललें होतें, किती मिनिटांनीं तें बंद पडलें आणि त्यापूर्वीं आम्हीं काय बदललें होतें, इतकें तींत लिहावयाचें. त्याबरोबर एक नियमही ठरविला: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन गोष्टी एकदम बदलल्या व दोष नाहींसा झाला, तर तो कोणत्या बदलानें गेला हें कळण्यास मार्ग उरत नाहीं.

आरंभ उष्णतेपासून केला. हल्लींचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोंचले म्हणजे आपला वेग आपणच कमी करितात, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर यंत्र बंद पाडून स्वतःस वांचवितात. आमच्याकडे खेळ चालू असतांना प्रोसेसर ७२ अंशांवर व ग्राफिक्स कार्ड ७६ अंशांवर होतें. उष्णता निर्दोष ठरली. नंतर केवळ प्रोसेसरवर भार देऊन पाहिला. संगणक एक तास बिनतक्रार चालला. केवळ ग्राफिक्स कार्डावर भार दिला, तो आठव्या मिनिटास अंधार झाला. मीं तेथेंच निकाल देऊन टाकला कीं, कार्ड खराब आहे व दादा आपल्या मित्राकडून फसला. बाबांच्या देखत मी तसें बोललोंही. दादा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें कार्ड काढून नेलें, एका स्नेह्याच्या संगणकांत बसविलें आणि त्यावर दोन तास भार देऊन पाहिला. तें एकदांही अडखळलें नाहीं.

कार्ड निर्दोष, मग दोष कोठें? ग्राफिक्स कार्डास वीज दोन मार्गांनीं मिळते. मदरबोर्डवरील खांचेंतून अधिकांत अधिक ७५ वॅट मिळतात. उरलेली वीज पॉवर सप्लायकडून स्वतंत्र वायरीनें येते. आठ पिनांच्या एका जोडणींतून १५० वॅट घेण्याची मर्यादा ठरलेली आहे. आमच्या पॉवर सप्लायच्या वायरी दोन्ही टोकांस सुट्या होणाऱ्या होत्या. कार्डाकडील टोक आम्हीं दहा वेळां तपासलें होतें. पॉवर सप्लायकडील टोक एकदांही पाहिलें नव्हतें. तें अर्धवटच बसलें होतें. त्याचा चाप अडकलेला नव्हता, आणि एका कोपऱ्यावरील प्लास्टिक पिंगट झालें होतें.

ती वायर मीं बसविली होती.

लिहितांना चालणारें यंत्र खेळतांनाच कां बंद पडे, याचा उलगडा शाळेंत शिकलेल्या ओमच्या नियमानें होतो. १५० वॅट १२ व्होल्टवर घ्यावयाचे म्हणजे १२.५ अँपिअर प्रवाह लागतो. हिशेबासाठीं समजा कीं, सैल जोडणीमुळें वाटेंत एक दशांश ओहम विरोध उत्पन्न झाला. तर तेथें १.२५ व्होल्ट खर्ची पडतात व कार्डापाशीं १०.७५ व्होल्टच पोंचतात. या विजेस ५ टक्के कमीअधिकपणाची मुभा असते, म्हणजे ११.४ व्होल्टच्या खालीं ती जाऊं नये. शिवाय त्या इवल्याशा जोडणींत सुमारें १५ वॅट उष्णता निर्माण होते. लहानसें सोल्डरिंगचें यंत्रही याच्या आसपासच वीज घेतें. उलट, लेखन चाललें असतांना प्रवाह एक अँपिअरच असेल, तर एक दशांश व्होल्ट तेवढा घटतो आणि उष्णताही नांवापुरतीच असते. दोष तोच, परंतु भार पडल्यावांचून तो दिसत नाहीं.

आम्हीं त्याच पॉवर सप्लायच्या बरोबर आलेली दुसरी वायर घेतली व शेजारच्या मोकळ्या जागेंत चाप ‘टक्’ असा वाजेपर्यंत दाबून बसविली. एकाएकीं बंद पडणें त्या दिवसापासून थांबलें.

निळा पडदा मात्र येतच राहिला. वही चाळून पाहतां त्याचा संकेतशब्द दर खेपेस निराळा असल्याचें दिसलें. असें असेल तर रॅमचा संशय घ्यावा; कारण तिच्या बिघडलेल्या भागांत जें कांहीं येऊन पडेल तें बिघडतें, आणि तेथें रोज निराळें कांहीं येत असतें. याकरितां मेमटेस्ट८६+ हा मोफत मिळणारा प्रोग्राम यूएसबी ड्राइव्हवरून चालविला. तो रॅमच्या घराघरांत ठराविक अंक लिहितो व ते वाचून ताडून पाहतो. यांत एकही चूक येतां कामा नये. आमच्याकडे पहिल्याच फेरींत चुका आल्या. रॅमवर छापलेला वेग पुष्कळदां प्रमाणित वेगाहून अधिक असतो, व तो मिळविण्यासाठीं एक्सएमपी नांवाची योजना चालू करावी लागते. डीडीआर४ रॅमला तेव्हां १.२ ऐवजीं बहुधा १.३५ व्होल्ट देतात. ती योजना बंद केली, तशा चुका कमी झाल्या, परंतु गेल्या नाहींत. मग दोन पट्ट्यांपैकीं एकेक लावून पाहिली, तेव्हां एक शुद्ध व एक सदोष निघाली. सदोष पट्टी हमीच्या मुदतींत बदलून मिळाली.

जोडणाराचा कांहींच दोष नाहीं असेंही कधीं कधीं घडतें. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीचे कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असत. कित्येक खेळाडूंस तेव्हां ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी असल्याचा संदेश दिसे, आणि बिचाऱ्या कार्डावर आळ येई. अखेर २०२४ सालीं इंटेलनें प्रोसेसर गरजेपेक्षां अधिक व्होल्टेज मागत असल्याचें मान्य केलें, ऑगस्टमध्यें सुधारलेला मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. म्हणून मदरबोर्डाचा बायॉस अद्ययावत् ठेवणें हाही तपासाचाच एक भाग समजावा.

हा उद्योग करणारांस तीन सूचना. पेटी उघडण्यापूर्वीं प्लग काढून ठेवावा. पॉवर सप्लाय कधींही उघडूं नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत प्राणघातक वीज सांठलेली असूं शकते. आणि एका पॉवर सप्लायच्या सुट्या वायरी दुसऱ्यास लावूं नयेत. बाहेरून जोडणी सारखी दिसली तरी पिनांचा क्रम निराळा असूं शकतो, व एका क्षणांत सर्व भाग जळून जातात.

दोष सांपडावयास आम्हांस बारा दिवस लागले. चूक माझी होती, असें म्हणावयास मला आणखी दोन दिवस लागले. आरोप बाबांच्या देखत केला होता, म्हणून कबुलीही त्यांच्या देखतच दिली. दादानें ऐकून घेतलें व विचारलें, “वहींत लिहिलेंस ना?” लिहिलें नव्हतें. त्या रात्रीं लिहिलें.