पदावाचून दरबार

घोडबंदर रस्त्यावरील रहिवाशाची नळजोडणी अडली की तो महापालिकेच्या आधी पुढाऱ्याचे दार गाठतो. ही खोड ठाण्यास जुनी आहे. कै. आनंद दिघे यांनी एकही निवडणूक लढविली नाही. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख एवढेच त्यांचे पद. तरी टेंभी नाक्यावरील आनंदाश्रमात रात्री-अपरात्री गाऱ्हाण्यांची रीघ लागे, आणि कचेरीत कुजणारे काम तेथे एका शब्दाने मार्गी लागे. हा त्यांचा लौकिक खरा. पण कचेऱ्यांची नादारी त्याहूनही खरी! त्या दरबाराच्या निकालावर अपील कोठे करावयाचे, हे मात्र कोणी पुसले नाही. १९८९ च्या खोपकर खूनप्रकरणी ते स्वतःच टाडाखाली आरोपी झाले, तरी रीघ ओसरली नाही. २६ ऑगस्ट २००१ रोजी इस्पितळात त्यांचा अंत झाला. शोक करणाऱ्या जमावाने ते इस्पितळच जाळले. आत इतर रोगीही होते, याचे भान कोणास राहिले?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने २०१५ साली नागरिकास कामाची मुदतही दिली आणि अपीलही दिले. नळजोडणीचा अर्ज करून त्याची पोच हाती घेणारे घोडबंदर रस्त्यावर किती आहेत, हे आम्हांस कळावयास हवे.