कलामंडप आणि मोकळे अंगण

गावात कीर्तन असो, भारूड असो, की शाळेचे स्नेहसंमेलन असो, पहिला प्रश्न जागेचा. मग वर्गणी जमते, चार भिंती उठतात, वर पत्रे पडतात. आणि वैशाखात त्याच सभागृहात दुपारी घटकाभर बसवत नाही! पैसा गेला, आणि माणसे पुन्हा वडाखाली. असे का व्हावे?

उत्तर शोधायला नवी मुंबईत बेलापूरला चला. तेथे वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ च्या सुमारास ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत आखली. सात-सात घरांमध्ये एक अंगण, सुमारे ८ मीटर लांब व तितकेच रुंद. असे तीन गट मिळून आणखी मोठे अंगण. घर लहान, पण अंगण ही जणू सर्वांची मोठी खोलीच.

याच कोरियांनी १९८६ साली जयपूरच्या ‘जवाहर कला केंद्रा’चा आराखडा केला. तो मुलूख वाळवंटाजवळचा. तेथे नऊ चौक आहेत. मधला चौक आकाशाला उघडा, कुंडासारखा पायऱ्यापायऱ्यांचा. पायऱ्यांवर प्रेक्षक, मध्ये कलावंत!

यातली युक्ती साधी आहे. कोरड्या हवेत सूर्य मावळला की उघडी जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि लवकर निवते. जाड भिंत दिवसाचे ऊन थोपवून धरते. म्हणून दुपारी भिंतीच्या सावलीत बसावे, रात्री चौकात. दमट बेलापुरात मात्र जाड भिंतीपेक्षा आरपार वारा हवा, आणि पावसासाठी पुढे आलेले छप्पर.

तेव्हा सोलापूर-लातूरकडच्या मंडळींनी जयपूरचा धडा घ्यावा, कोकणाने बेलापूरचा. कोरड्या मुलुखात सगळा पैसा छपरावर घालू नका. आधी चौथरा बांधा. पश्चिमेला जाड भिंत घाला, पलीकडे कडुनिंब लावा. एका बाजूस पक्की ओसरी ठेवा, म्हणजे पावसाची सोय झाली. बाकी जागेवर खांब रोवा आणि काढता-घालता येईल असे कापड ताणा. तमाशाचे फड तंबू-कनातीने एका दिवसात रंगमंच उभा करतात, ते आपण पाहतोच ना?

आणि गुरुजी, एक काम तुमचे. वर्गणीआधी मुलांना घेऊन जागेवर दुपारी दोनला जा, सावली चुन्याने आखून ठेवा. रात्री आठला पुन्हा जा, वारा कोठून येतो ते पाहा. मंडपाचा अर्धा नकाशा तेथेच तयार होईल.