सगळ्या प्रवाळांना गरमी सारखीच बाधते का?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

महाडजवळ सावित्रीच्या काठावर सव गाव आहे. तिथले गरम पाण्याचे झरे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. नदीतला मासा अशा कढत पाण्यात सोडला तर तडफडेल. पण गरम झऱ्यांत काही जिवाणू मजेत राहतात. म्हणजे गरमी किती झाली की 'जास्त' म्हणायची, हे त्यात राहणाऱ्यावर ठरतं. समुद्रातल्या प्रवाळांचंही असंच आहे.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो आहे प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ सूर्यप्रकाशातून अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. बदल्यात त्याला घर मिळतं. पण पाणी तिथल्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा साधारण 1 अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. तो लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर उपासमारीने जातो.

आता यातला 'तिथल्या नेहमीच्या' हा शब्द पकडा. इराणच्या आखातात उन्हाळ्यात पाणी 35 अंशांपर्यंत तापतं, तरी तिथे प्रवाळ आहेत. त्यांच्या अंगात गरमी सोसणारं वेगळ्याच जातीचं शेवाळ सापडलं. 2015 मध्ये त्या जातीला नावही मिळालं.

मग सवय लावता येते का? थोडीफार येते. पॅसिफिक महासागरातल्या ओफू बेटाजवळ दोन उथळ डोह आहेत. एक ओहोटीला जास्त तापतो, दुसरा कमी. शास्त्रज्ञांनी कमी तापणाऱ्या डोहातले प्रवाळ जास्त तापणाऱ्या डोहात नेऊन लावले. 2014 मध्ये निष्कर्ष आले: दोनेक वर्षांत त्यांची सहनशक्ती वाढली, पण मूळच्या रहिवाशांइतकी नाही.

आता आपल्या कोकणात या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी उथळ, पावसाळ्यात गढूळ. याउलट, खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवरचे प्रवाळ किनाऱ्यापासून लांब, स्वच्छ पाण्यात वाढतात. त्यामुळे एका ठिकाणचे प्रवाळ टिकले म्हणून दुसरीकडचेही टिकतील, असं धरून चालता येत नाही.

आणि चिवटपणालाही मर्यादा असतेच. मालवणातही ब्लीचिंगची नोंद झाली आहे. एप्रिल 2024 मध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं, त्या वर्षी लक्षद्वीपलाही मोठा फटका बसला. समुद्र तापण्याचा वेग प्रवाळांच्या सवय होण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे, खरी अडचण ती आहे.

समुद्र थंड करणं तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण गरमीने दमलेल्या प्रवाळाला आणखी जखमा न करणं नक्की आहे. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर प्रवाळावर उभं राहू नका, तुकडा तोडून आणू नका. तो कायद्याने गुन्हाही आहे. आणि होडीवाल्या दादांना सांगा, "नांगर जरा वाळूत टाका."

भेटू पुढच्या भागात!