यंत्राची रोजनिशी

नाशिक येथे गोदावरीच्या तीरावर दर १२ वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. पर्वकाळी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर भाविकांचा लोंढा लोटतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी अशाच एका रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांना प्राणांस मुकावे लागले. गर्दी किती वाढली आहे हे वेळीच कळले, तर लोकांना दुसऱ्या वाटेने वळविता येते.

या विचारातूनच नाशिकच्या निलय कुलकर्णी या विद्यार्थ्याने शालेय वयात, सहकाऱ्यांच्या साहाय्याने, पावले मोजणारी एक चटई तयार केली. 'आशिओतो' हे तिचे नाव. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ 'पावलांचा आवाज' असा आहे. चटईवर पाऊल पडले, की तिच्यावरील दाबामुळे विजेचा संकेत निर्माण होतो आणि मोजणीचा आकडा दूरच्या संगणकाकडे जातो. २०१५ सालच्या कुंभमेळ्यात या चटईने १८ तासांत सुमारे पाच लाख माणसे मोजली.

आता अशी कल्पना करू या, की एका घाटाच्या वाटेवर पावले मोजणारे एखादे यंत्र बसविले आहे. दर मिनिटाला किती माणसे आली, हे रक्षकाच्या मोबाइलमधील ॲपवर दिसते. सकाळपासून आकडे वाढत होते. परंतु दहा वाजून गेल्यावर एकाएकी पडद्यावर शून्य दिसू लागले. या शून्याचा अर्थ काय? वाट रिकामी झाली, की यंत्राची तार तुटली? पडद्यावर दोन्ही वेळी शून्यच दिसणार! वाट रिकामी असेल, तर चिंता नाही. तार तुटली असेल, तर मात्र निश्चिंत राहणे शेकडो जणांच्या जिवावर बेतेल.

अशा शंकेचे निरसन व्हावे, म्हणून ॲप तयार करणारे त्याला स्वतःची रोजनिशी लिहावयास लावतात. तिला 'लॉग' असे म्हणतात. आपण कोणते काम केव्हा केले आणि त्याचे काय झाले, हे ॲप तीत क्रमाने लिहीत जाते. वरील ॲपची रोजनिशी उघडली, तर कदाचित अशा ओळी दिसतील :

१०:०१ – २१४ माणसे मोजली. आकडा पाठविला.
१०:०२ – इशारा : यंत्राकडून उत्तर आले नाही.
१०:०३ – चूक : संपर्क तुटला. पडद्यावर शून्य दाखविले.

या तीन ओळींनी सारा उलगडा होतो. वाट रिकामी झालेली नाही. यंत्रच मुके झाले आहे.

यंत्रातील दोष हुडकून काढण्याच्या कामास 'डिबग' करणे, म्हणजे किडा काढणे, असे म्हणतात. दोषाला 'किडा' म्हणण्याची रीत अभियंत्यांमध्ये जुनीच होती. परंतु १९४७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकात खरोखरीचाच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला!

ॲपची रोजनिशी एरवी पडद्याआड राहते. ती वाचावयाची असल्यास मोबाइल तारेने संगणकास जोडतात. परंतु ऐन गर्दीत, घाटाच्या पायरीवर संगणक कोठून आणावा? म्हणून चाचणीच्या काळात ॲपमध्येच एक लहानशी चौकट ठेवतात. ती उघडली, की नोंदी मोबाइलच्याच पडद्यावर एकाखाली एक उमटू लागतात. दोष जेथे घडला, तेथेच त्याचे कारण वाचता येते.

मात्र रोजनिशीत काय लिहावे, याचा विवेक हवा. परवलीचा शब्द किंवा कोणाची खासगी माहिती तीत कधीही येऊ नये. म्हणूनच चाचणी संपल्यावर ही चौकट सर्वसामान्यांच्या ॲपमधून काढून टाकतात. अँड्रॉइड प्रणालीतही २०१२ सालापासून सामान्य ॲपला दुसऱ्या ॲपची रोजनिशी वाचता येत नाही.

यंत्राने दाखविलेला आकडा हा केवळ शेवटचा शब्द असतो. तो आकडा कसा आला, हे त्याची रोजनिशी सांगते. जेथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो, तेथे आकडा पाहून थांबणे पुरेसे नसते. रोजनिशीही वाचावी लागते.