उसात राहणारा शेजारी

यंदा मंडळाने मदतनिधीसाठी जुन्नर-अकोले पट्ट्यातल्या शेळ्या-मेंढ्यांच्या बंदिस्त गोठ्यांचा विषय निवडला, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "अहो, गोठ्यासाठी कसली चॅरिटी? शाळा-दवाखाना काही सुचलं नाही का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेखप्रपंच. आम्ही पेशाने सॉफ्टवेअरवाले, वन्यजीवतज्ज्ञ नव्हे. पण एका ठिकाणचा प्रॉब्लेम उचलून दुसरीकडे ठेवला की काय होतं, हे आमच्या धंद्यात रोज पाहायला मिळतं. बिबट्याची गोष्ट तशीच आहे.

"जंगल संपलं म्हणून बिबट्या गावात आला" असं आपण सर्रास म्हणतो. जुन्नरकडे ते अर्धंच खरं आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्याचं पाणी फिरलं आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष शेतात असतो. आत गारवा, आडोसा, जवळच पाणी आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या. बिबट्याला याहून काय हवं? माद्या उसातच वितात. उसाच्या फडात जन्मलेल्या पिल्लाला जंगल माहीतच नसतं, ऊस हेच त्याचं घर. ऊसतोड सुरू झाली की मजुरांना पिल्लं सापडतात. ती उचलून न नेता संध्याकाळी त्याच जागी ठेवली तर आई बहुधा येऊन घेऊन जाते. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी हे काम वर्षानुवर्षं करत आहेत.

आता प्रॉब्लेम उचलून दुसरीकडे ठेवण्याबद्दल. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागात बिबटे पिंजऱ्यात पकडून लांबच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. हेतू चांगलाच होता. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर या सगळ्याचा हिशेब मांडला. मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २९ बिबटे पकडून, सरासरी ३९ किलोमीटरवर नेऊन सोडल्यावर तो आकडा १७ वर गेला! कारण साधं आहे. बिबट्याला स्वतःचा इलाका असतो. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर घराकडे परत निघतं आणि वाटेत गावं लागतात. इकडे रिकाम्या झालेल्या इलाक्यात दुसरा तरणा बिबट्या येऊन बसतो. म्हणजे आधीचा प्रश्न जागच्या जागी, वर नवा एक.

परत निघतं म्हणजे किती लांब जातं? 'आजोबा'ची गोष्ट काहींना २०१४ च्या मराठी सिनेमामुळे माहीत असेल. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या या वयस्क बिबट्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. महिन्याभरात गडी सव्वाशेएक किलोमीटर चालून, वाटेत खाडी पोहून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हजर! वाटेत माणसाला नखही लावलं नाही. २०११ मध्ये बिचारा एका वाहनाखाली गेला.

याच चमूचा अकोल्याचा अभ्यास आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण आपले गोठे त्यावरच उभे राहणार आहेत. शेती-वस्तीच्या या भागात कॅमेरे लावले तर शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण ५ प्रौढ बिबटे निघाले. मग खातात काय? विष्ठा तपासली. सर्वात मोठा वाटा भटक्या-पाळीव कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. शेळ्या ११ टक्के. गावात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी हे प्रमाण! कारण शेळी रात्री आत असते, कुत्रं बाहेर. दार, छप्पर आणि जाळी एवढ्यानेच हा फरक पडतो. मात्र एकदा का बिबट्या कच्च्या गोठ्यात शिरला की एकावर थांबत नाही, घाबरून पळणाऱ्या चार-पाच शेळ्या मारतो. सरकारी भरपाई मिळते, पण पंचनामा, कागदपत्रं, हेलपाटे... आणि दुभती शेळी त्याने परत येत नाही. धनगरांचे हाल तर विचारू नका. मेंढ्यांभोवती वाघर लावून उघड्यावर मुक्काम, सोबत लहान पोरं.

इथे लंडनला बसून 'सहजीवन' म्हणणं सोपं आहे, याची आम्हाला जाणीव आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले. त्या आईबापांना आकडेवारी कोण ऐकवणार? आणि ऐकवू तरी का? बरं, आपले इथले शेजारीही काही वेगळे नाहीत. ब्रिटनने आपले लांडगे काही शतकांपूर्वीच संपवले. किल्डरच्या जंगलात मोजके लिंक्स सोडू द्या, असा अर्ज झाला तेव्हा मेंढपाळांनी कडाडून विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने तो फेटाळला. लिंक्स म्हणजे तर बिबट्यापेक्षा कितीतरी लहान मांजर. त्यामानाने आपला अकोल्याचा शेतकरी! तिथे आश्विन वद्य द्वादशीला, आपण वसुबारस म्हणून गाय-वासरू पुजतो त्याच दिवशी, आदिवासी वाड्यांवर वाघबारस होते आणि वाघोबाला नैवेद्य दाखवतात.

असो. निधीतून काय करायचं ठरलं आहे ते सांगतो. चारी बाजूंनी आणि वरूनही वेल्डेड जाळी, लोखंडी दार, बाहेरून कडी, दाराशी सौरदिवा. जाळी वरून हवीच, कारण बिबट्या झाडावर चढतो तसा कुडावरही चढतो. धनगरांसाठी उचलून नेता येईल अशी घडीची जाळी. लाभार्थी कुटुंबाने मजुरी स्वतः करायची, म्हणजे गोठा त्यांचा राहतो. पहिल्या वर्षी विधवा आणि भूमिहीन कुटुंबांना प्राधान्य.

देणगीचा फॉर्म शेवटच्या पानावर आहे. इथे टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करायला विसरू नका, प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात. फॉर्म वडा-पावच्या स्टॉलशेजारच्या टेबलावर द्या, आम्ही तिथेच आहोत.