बापाचं आडनाव, आईचं नाव

मागच्या वर्षी माझ्या नणंदेच्या मुलीने लंडनहून एक फोटो पाठवला. ती तिथे नर्स आहे. फोटोत ब्राँझचा भलामोठा पुतळा. अंगावर डगला, ठाम पावलं टाकत निघालेली एक बाई. खाली लिहिलं होतं, 'मामी, ओळखा पाहू कोण?'

मी कुठली ओळखतेय! नर्स म्हटलं की आपल्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेलच आठवणार. ही होती मेरी सीकोल. जमैका बेटावरच्या किंग्स्टन शहरात १८०५ साली जन्मलेली. आईकडून झाडपाल्याची औषधं आणि रुग्णसेवा शिकली. क्रिमियाच्या युद्धात स्वतःच्या खर्चाने जाऊन सैनिकांच्या मदतीला उभी राहिली. तिचा हा पुतळा २०१६ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात बसवला. मेरीची आई जमैकाची, वडील स्कॉटलंडचे सैनिक. आपल्यात स्कॉटिश रक्त आहे, हे तिने आपल्या आत्मचरित्रात अभिमानाने सांगितलंय.

भाचीला तिथे घेऊन गेली होती तिच्याच वॉर्डातली एक सिस्टर. साठीला आलेली, मूळची जमैकाची. रंगाने आफ्रिकेची, आडनाव मात्र अस्सल स्कॉटिश. जमैकात कॅम्पबेल, गॉर्डन, ग्रँट, मॅकेन्झी ही आडनावं आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकी सर्रास आढळतात म्हणे! या सिस्टरची ८८ वर्षांची आत्या लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलेली, "आपले मूळपुरुष स्कॉटलंडचे. मोठं घराणं होतं." निवृत्तीनंतर त्या मूळपुरुषाला शोधायचंच, असं सिस्टरने मनावर घेतलं. त्या शोधाची हकिकत भाची मला दर रविवारी फोनवर सांगायची आणि मी भाजी निवडता निवडता ऐकायची.

पहिला प्रश्न मी विचारला तो तुमच्याही मनात आला असेल. कुठे स्कॉटलंड आणि कुठे जमैका! हे लोक तिथे पोचले कसे?

तर उत्तर आहे साखर. अठराव्या शतकात जमैकाच्या ऊसमळ्यांवर पैशांचा पाऊस पडत होता. स्कॉटलंडमध्ये वाडवडिलांची जमीन थोरल्याकडे जायची, धाकट्यांनी करायचं काय? शिवाय १७४६ साली कलोडनच्या लढाईत तिथलं बंड मोडलं आणि बंडवाल्यांची घरं उघड्यावर पडली. तरुण मुलं जहाजात बसून जमैका गाठू लागली. एडवर्ड लाँग या मळेवाल्याने १७७४ साली जमैकाचा इतिहास लिहिला. तिथले जवळजवळ एक तृतीयांश गोरे स्कॉटिश किंवा त्यांचे वंशज आहेत, असं त्याने नोंदवलंय. स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्सही १७८६ साली तिकडे हिशेबनीस म्हणून निघाला होता. त्याच वर्षी त्याचा कवितासंग्रह गाजला आणि जाणं राहून गेलं. नाव हिशेबनिसाचं, पण काम असायचं राबणाऱ्या गुलामांवर नजर ठेवण्याचं. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं होती ती. त्यांच्या अंगावरचं जाडंभरडं कापड स्कॉटलंडमध्ये विणलेलं, त्यांच्या ताटातली खारवलेली मासळीही पुष्कळदा तिकडचीच.

मला वाटलं होतं, आडनाव आहे म्हणजे काम सोपं. तसं नव्हतं. कित्येक गुलामांना बाप्तिस्म्याच्या वेळी मालकाचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं. तिथे रक्ताचं नातं असेलच असं नाही. म्हणून सिस्टरच्या भावाने डीएनए तपासणी केली. बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र पुरुषांतच असतं ना, म्हणून भाऊ. उत्तर आलं, पुरुषाची रेघ स्कॉटलंडकडेच जाते. पण ती नेमक्या कोणत्या माणसाकडे जाते, हे डीएनए सांगत नाही. त्यासाठी कागदच हवेत.

सुरुवात आत्याच्या बायबलपासून झाली. पहिल्या पानांवर घरातले जन्ममृत्यू लिहिलेले. जमैकात जन्माची सरकारी नोंद १८७८ पासून सुरू झाली. आजोबांचा दाखला त्यात सापडला. त्याआधीच्या दोन पिढ्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मिळाल्या. आणि त्याच्याही मागे? त्याच्या मागे गुलामांची यादी!

ब्रिटिश सरकारने १८१७ पासून मळेवाल्यांना गुलामांची मोजदाद द्यायला लावली होती. जमैकात दर तीन वर्षांनी यादी व्हायची. नाव, वय, रंग, आफ्रिकेत जन्मला की बेटावर. आपण शेताच्या उताऱ्यावर झाडं आणि विहीर नोंदवतो तशी माणसं नोंदवलेली. १८२३ च्या यादीत सिस्टरला आपला पूर्वज सापडला. दोन वर्षांचा मुलगा. रंगाच्या रकान्यात 'मुलाटो', म्हणजे एक पालक गोरा. शेजारी आईचं नाव, एकच शब्द. तिला आडनाव नाही. बापाचा उल्लेख नाही. तो मिळाला चर्चच्या वहीत. त्याच मळ्यावरचा स्कॉटिश हिशेबनीस.

तो सापडल्यावर मात्र कागदच कागद! त्याचा स्कॉटलंडमधला बाप्तिस्मा, परत गेल्यावरचं लग्न, मुलंबाळं, मृत्युपत्र. मृत्युपत्रात चांदीच्या चमच्यांचीसुद्धा वाटणी केलेली. जमैकातल्या मुलाचं नाव कुठेच नाही.

त्या काळचा कायदाच असा होता की, मूल आईच्या वाटेने जायचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. मग त्या बाईला 'नाही' म्हणायची सोय तरी होती का? भाची हे सांगत होती तेव्हा माझे हात थांबले. घराण्याचा मूळपुरुष म्हणून ज्याचा टेंभा मिरवला, त्याच्या गोष्टीतली बाई कोणी विचारलीच नव्हती.

सिस्टरने मग भाचीला रॉबर्ट वेडरबर्नची गोष्ट सांगितली. ही इतिहासात नोंदलेली आहे. रॉबर्ट १७६२ साली किंग्स्टनला जन्मला. बाप जेम्स वेडरबर्न, स्कॉटिश. जेम्सच्या वडिलांना कलोडनच्या बंडापायी फाशी झाली होती, म्हणून मुलं जमैकाला पळाली. रॉबर्टची आई रोझॅना, गुलाम. ती पोटुशी असताना जेम्सने तिला विकून टाकलं. होणारं मूल स्वतंत्र राहील, एवढी अट तेवढी घातली. रॉबर्टला वाढवलं आजीने. 'टॉकी एमी' तिचं नाव, किंग्स्टनच्या बाजारात मालकासाठी माल विकायची. त्या म्हातारीला चाबकाने मारलेलं त्याने पोरवयात डोळ्यांनी पाहिलं. पुढे तो इंग्लंडला आला. अडचणीच्या दिवसांत बापाला भेटायला एडिंबरोजवळच्या इनव्हरेस्कला गेला. बापाने हाकलून दिलं. स्वयंपाकिणीने थोडी बिअर दिली, नोकराने हातावर एक मोडकं नाणं ठेवलं. १८२४ साली त्याने हे सगळं पुस्तकात छापलं. सावत्र भावाने वर्तमानपत्रात पत्र लिहून नातं नाकारलं आणि वर त्याच्या आईवरच शिंतोडे उडवले. बायांनो, हे शेवटचं वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटलं ना? मला वाटलं. नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या केसेस घेऊन मी इतकी वर्षं हिंडते, पहिला शिंतोडा कुणावर उडतो ते पाठ झालंय.

१८३३ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षी गुलामगिरी बंद झाली, तरी पुरती सुटका व्हायला १८३८ उजाडलं. सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना! राबणाऱ्यांना छदाम नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने या भरपाईच्या नोंदी २०१३ पासून सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. सिस्टरला तिथे तो मळा सापडला. मालकाला मिळालेली रक्कम शिलिंग-पेन्सपर्यंत लिहिलेली. तेव्हा तिचा पूर्वज तेरा वर्षांचा होता.

आता प्रश्न आला, आत्याला सांगायचं का? भाऊ म्हणाला, "म्हातारीच्या आयुष्यभराच्या अभिमानावर आता कशाला पाणी ओततेस?" सिस्टर अडून बसली, "अभिमान खोटा असेल तर तिला कळायला हवं." भाचीने मला विचारलं, "मामी, तुम्ही काय केलं असतं?" खरं सांगते, मी गप्प बसले असते. ८८ वर्षांच्या बाईला काय छळायचं!

सिस्टर जमैकाला गेली आणि तिने सगळं सांगितलं. मळा, यादी, मृत्युपत्र, सगळं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचं नाव आपल्याला कळलं, बरं झालं. तिचं काय नाव?"

सिस्टरने तो एक शब्द सांगितला. आत्याने बायबल मागवलं. हात थरथरतो म्हणून भाचीकडूनच लिहून घेतलं. आजवर त्या पानावर सगळ्यात वर 'स्कॉटलंडचे आजोबा' होते. त्यांना खोडलं नाही. त्यांच्या शेजारी तिचं नाव आलं आणि पुढे '१८२३ पूर्वी' एवढंच. जन्मतारीख कुणी लिहून ठेवलीच नव्हती.

ते नाव मी इथे देत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. पण त्या रात्री मी माझ्या आईला फोन केला आणि तिच्या आजीचं नाव विचारलं. आई अडखळली. "आम्ही आपलं बयाआज्जीच म्हणायचो गं," म्हणाली. मग सासरचं नाव आठवलं, माहेरचं काही आठवेना. गावाकडे एक म्हाताऱ्या काकू आहेत, त्यांना विचारून सांगते म्हणाली. मी वाट बघतेय.