पाणी, रॉकेल आणि काळी माती

आमच्या घराची मागची भिंत उन्हाळ्यात तडकते आणि पावसाळा सरेपर्यंत ती भेग जवळजवळ मिटते. गवंड्याने तीनदा सिमेंट भरले. चौथ्यांदा मी त्याला थांबवले आणि पायालगतची मूठभर काळी माती घरात आणली. रसायनशास्त्र मी जुन्या पुस्तकांतून शिकलो, त्यामुळे मोजनळ्या घरात आहेत.

भारतीय मानक २७२० च्या चाळिसाव्या भागात (१९७७) एक साधी चाचणी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी पाहिले, तर पाण्यातल्या मातीने रॉकेलमधल्या मातीच्या जवळजवळ दुप्पट जागा घेतली होती.

रॉकेल कशाला, हे मला बराच काळ कळले नव्हते. रॉकेलने माती भिजते, पण फुगत नाही. म्हणून ते मोजमापाचा आधार.

काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पापुद्र्यांचे. प्रत्येक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाड आणि त्यावर थोडा ऋणभार. तो फेडायला दोन पापुद्र्यांमध्ये कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन बसलेले असतात. पाण्याच्या रेणूला धन आणि ऋण अशी दोन टोके असतात, म्हणून ते रेणू आत शिरून आयनांभोवती गोळा होतात. पापुद्र्यांचे अंतर १ वरून १.२५, मग १.५ नॅनोमीटर होते. कॅल्शियम असेल तर फुगणे १.९ च्या आसपास थांबते. सोडियम असेल आणि पाणी भरपूर मिळाले, तर पापुद्रे एकमेकांपासून सुटतातच आणि स्फटिकाची चळत उरत नाही. रॉकेलच्या रेणूला अशी टोके नाहीत. आयनांना त्याचे आकर्षण नाही, म्हणून चळत तशीच मिटलेली राहते.

गाडीच्या कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल मात्र आत जाते आणि अंतर बरोबर १.७ वर आणून ठेवते. इलिनॉयच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ब्रॅडली यांनी १९४५ मध्ये हे दाखवले. क्ष-किरणांनी हे खनिज ओळखताना प्रयोगशाळा आजही मातीला ग्लायकॉलची वाफ देतात. द्रव बदलून स्फटिकाला त्याचे नाव सांगायला लावण्याची ही युक्ती मला फार आवडते.

गवंड्याने दोन्ही नळ्या निरखून पाहिल्या. "मग काका, भेग भरायची का नाही?"

सध्या नाही. आधी भिंतीलगत मुरणारे मोरीचे पाणी दूर न्यायचे ठरले आहे.